संध्याकाळी समपातळीत, पहाटे तिरकी

मोटरहोमला एअर सस्पेन्शन (हवा भरलेल्या रबरी बलूनवर गाडी तोलणारी रचना) बसवायचं ठरलं त्या दिवसापासून ती रात्रभर पातळी न सोडता उभी राहिली त्या पहाटेपर्यंत साधारण चार महिने गेले. प्रत्यक्ष काम त्यातलं अडीच दिवसांचं. बाकी वेळ मोजमापं, कागदपत्रं, वाट पाहणं आणि एका बारीक गळतीचा माग काढणं यात गेला. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहितोय. गाडी व्हॅनच्या चॅसीवर बांधलेली, पुढची चाकं ओढणारी, दोन ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, हिशेब बदलणार नाही.

सगळ्याची सुरुवात फ्रिजपासून करावी. गॅसवर चालणाऱ्या ॲबसॉर्प्शन फ्रिजमध्ये मोटर नसते. खाली आच लागते, अमोनिया उकळून वर जातो, थंड होतो आणि द्रव नुसत्या उताराने नळ्यांतून परत खाली येतो. गाडी तिरकी उभी राहिली की तो द्रव मध्येच कुठेतरी साचतो, बॉयलरपर्यंत पोचत नाही, आणि तिथली नळी वाजवीपेक्षा जास्त तापते. गंज धरू नये म्हणून आत सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते तिथे घट्ट होऊन बसतं आणि नळी चोंदते. मग गाडी कितीही सरळ करा, फ्रिज गेलेला असतो. अशा बऱ्याच फ्रिजच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते: समोरून पाहताना डावी-उजवीकडे ३ अंश, पुढे-मागे ६ अंश.

इथे बरेच जण फसतात. ही डावी-उजवी बाजू फ्रिजची आहे, गाडीची नव्हे. फ्रिज बहुधा बाजूच्या भिंतीला लागून असतो आणि त्याचं दार मधल्या वाटेकडे उघडतं. म्हणजे फ्रिजची डावी-उजवी ही गाडीची पुढची-मागची दिशा झाली. ३ अंशांची कडक मर्यादा गाडीच्या लांबीच्या दिशेला लागते, आणि एअर सस्पेन्शन नेमकं त्याच दिशेला कमी पडतं. फ्रिज कॉम्प्रेसरवर चालणारा असेल तर ही अट बरीच सैल होते. मग उरतात त्या झोपताना डोकं खाली जाणं, न्हाणीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचणं आणि कपाटाचं दार आपोआप उघडणं या तक्रारी. त्याही काही लहान नाहीत.

पहिला आठवडा: पाणसळ आणि वजनकाटा

खरेदीआधी आठवडाभर फक्त मोजलं. ६० सेमीची पाणसळ घेतली आणि आधी तिचीच परीक्षा केली: टेबलावर ठेवून बुडबुडा कुठे थांबतो ते पाहायचं, मग पाणसळ १८० अंश फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा त्याच बाजूला, तेवढाच सरकलेला दिसला तर टेबल तिरकं. दुसऱ्या बाजूला गेला तर पाणसळ खोटी. फोनमधलं कोन मोजणारं ॲपही असंच फिरवून तपासता येतं. कॅमेऱ्याचा उंचवटा खाली आला तर मात्र ते हमखास चुकतं.

गाडीतली जमीन सगळीकडे सारखी नसते. फ्रिजचा तळ, पलंगाची फळी आणि मधली वाट यांत अर्ध्या अंशाचाही फरक सापडतो. शून्य कशाला म्हणायचं ते एकदा ठरवावं लागतं. आम्ही फ्रिजच्या तळाला शून्य मानलं आणि पुढची सगळी मापं त्याच्यावरून घेतली.

मग वजनकाटा. पाणी, गॅस, सामान, माणसं असं सगळं भरून गाडी नेली, पुढचा ॲक्सल वेगळा आणि मागचा वेगळा तोलून घेतला आणि पावती जपून ठेवली. ही पावती पुढे तीन ठिकाणी लागते: बलूनचा आकार निवडताना, फेरफाराच्या नोंदीला आणि विम्याला. रिकाम्या गाडीचं वजन सांगून बलून मागवू नका. भरल्या गाडीला ते कायम वरच्या दाबावर चालवावे लागतात आणि पार्किंगमध्ये उचलायला दाब शिल्लक राहत नाही.

दाबाचा हिशेब सोपा आहे. मागच्या एका बलूनवर ८०० किलोच्या आसपास भार येतो असं धरा. बलूनचा प्रत्यक्ष भार पेलणारा व्यास १५० मिमी असेल तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे साधारण ४.५ बार दाबाला तो ८१० किलो तोलतो. व्यास लहान घेतला की हाच भार तोलायला जास्त दाब लागतो, आणि बलूनमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर तसतसा धापा टाकतो.

दुसरा-तिसरा आठवडा: किती बलून?

पर्याय दोन होते. पहिला म्हणजे मूळ पाटे (पोलादी स्प्रिंगा) तसेच ठेवून मागे दोन मदतीचे बलून लावायचे. दुसरा, पाटे काढून चारही चाकं हवेवर घ्यायची. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या मानाने अगदीच कमी. पण इथे लक्षात ठेवायचा आकडा एकच आहे: १ अंश म्हणजे दर मीटरला १७.५ मिमी. ४ मीटरला तो ७० मिमी होतो. फक्त मागे बलून असतील आणि ते मधल्या उंचीपासून ६० मिमी वर जात असतील, तर लांबीच्या दिशेला पूर्ण एक अंशही हातात येत नाही. मागचा भाग खाली घ्यावा म्हटलं तर पाटे आधीच ताठ असतात, बलून रिकामा केला तरी गाडी फारशी बसत नाही. चारही चाकं हवेवर असली की मागचं टोक ६० मिमी वर आणि पुढचं ५० मिमी खाली असा ११० मिमीचा फरक करता येतो, म्हणजे दीड अंशाच्या थोडं वर.

आडव्या दिशेला गणित वेगळं. मागचे दोन बलून एकमेकांपासून मीटरभरच लांब असतात, त्यामुळे तेवढ्याच ११० मिमीच्या फरकात कागदावर ६ अंश दिसतात. तेवढे प्रत्यक्षात मिळत नाहीत. पुढचा अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा) गाडीला सरळ धरायला पाहतो, शॉकअप शेवटपर्यंत ताणू द्यायचे नसतात. ३ अंश मिळाले तर समाधान मानावं. यावरून जागा निवडायची एक रीत ठरली: उतार टाळता येत नसेल तर गाडी अशी लावा की उतार आडवा येईल, लांबीच्या दिशेला येणार नाही.

आम्ही चार बलून घेतले, पण चारही स्वतंत्र ठेवले नाहीत. पुढचे दोन एकाच नळीने एकमेकांना जोडलेले, मागचे दोन वेगवेगळे. तिवई कुठेही ठेवली तरी डगमगत नाही, चार पायांचं स्टूल डगमगतं. गाडीचंही तसंच आहे. चार कोपरे स्वतंत्र उचलले आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर भार जास्त आला तर चॅसी पिळवटते. दारं घासायला लागतात, काचेवर ताण येतो, आणि पाणसळ मात्र सगळं ठीक असल्याचं सांगते. तीन बिंदूंवर गाडी तोलली की पीळ पडायला वाव राहत नाही. ही रचना नवी नाही. लांब पल्ल्याच्या बस १९५० च्या दशकापासून हवेवर धावतात, आणि लो-फ्लोअर बस थांब्यावर दाराच्या बाजूला झुकते तेव्हा तीही त्या बाजूच्या बलूनमधली हवाच सोडत असते.

चौथ्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत: वाट पाहणं आणि कागद

कंस, बलून, सेन्सर, व्हॉल्व्ह-ब्लॉक (बलूनमध्ये हवा भरणारे-सोडणारे व्हॉल्व्ह एकत्र असलेला डबा) असं सगळं चॅसी क्रमांकावरून जुळवून येतं, म्हणून सहा आठवडे थांबावं लागलं. त्या काळात कागद उरकून घ्यावेत. गाडीच्या, परवानगीचं वजन लिहिलेल्या प्लेटचा फोटो, वजनकाट्याची पावती, किटचं प्रमाणपत्र आणि बसवणाऱ्याचा दाखला अशी चौकडी लागली. सस्पेन्शन बदलणं हा गाडीतला फेरफार असतो, तेव्हा नोंदीचा नियम आधी विचारून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच मागून घ्या. फोनवर "काही हरकत नाही" म्हणणारा माणूस दाव्याच्या वेळी भेटत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. एअर सस्पेन्शन बसवलं म्हणून गाडीचं परवानगीचं एकूण वजन वाढत नाही. प्लेटवरचा आकडा वेगळ्या मंजुरीशिवाय तोच राहतो, मग बलून कितीही भार पेलोत.

बसवण्याचे अडीच दिवस

काम गॅरेजने केलं, पण काही गोष्टी उभं राहून पाहण्यासारख्या असतात. पहिली सुरक्षेची: हवेवर उचललेल्या गाडीखाली कुणीही कधीही शिरायचं नाही. एक नळी सुटली की बलून क्षणात बसतो. चॅसीखाली घोड्या (लोखंडी टेकू) लावूनच काम करायचं. हा नियम घरी साबणाचं पाणी लावून गळती शोधतानाही तेवढाच लागू आहे.

नळी नायलॉनची, ६ मिमीची. ती पक्कडीने तोडली की टोक चपटं आणि तिरकं होतं, आणि पुश-फिट (नुसती नळी दाबून बसवायच्या) जोडातली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, त्यावर नीट बसत नाही. नळी कापायचं छोटं कटर वापरून टोक काटकोनात कापायचं. जोडात घालताना आधी एक अडथळा लागतो, तो पार करून नळी आणखी आत जाईपर्यंत दाबायची, मग ओढून पाहायची. जोडातून निघाल्यावर नळी निदान ५ सेमी सरळ जायला हवी. लगेच वाकवली की ती ओ-रिंगला एका बाजूने रेटते, आज नाही तर तीन महिन्यांनी गळती लागते. सायलेन्सरपासून नळी वीतभर तरी लांब असावी.

कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा, चालताना २० अँपिअरच्या आसपास ओढणारा. बॅटरीपासून ५ मीटरवर होता, म्हणून १० चौरस मिमीची तार घेतली: जाण्या-येण्याचे १० मीटर धरून साधारण ०.३५ व्होल्ट पडतात. तार बारीक घेतली तर कॉम्प्रेसर रडत चालू होतो, तापतो आणि स्वतःला बंद करून घेतो. फ्यूज बॅटरीजवळ हवा, कॉम्प्रेसरजवळ लावून उपयोग नाही. एका वेळच्या लेव्हलिंगला कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं चालतो, म्हणजे १ अँपिअर-तासच खर्च होतो. बॅटरी संपण्याची भीती अनाठायी. तो सलग किती मिनिटं चालवायचा याची मर्यादा मात्र पुस्तिकेत पाहून पाळा.

मागे पाट्यांच्या हालचालीला जोडलेला, भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर तो नव्याने लावून घ्यावाच लागतो. गाडीचं मागचं अंग वर राहिलं की तो व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लावतो. हेडलाइटचा कोन आणि चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी करून घेतली. बोल्ट १,००० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळायचे होते. ती तारीख डॅशबोर्डवर चिकटवली नसती तर राहून गेलं असतं.

शेवटी शून्य लावणं. मागच्या प्रत्येक बलूनला एक आणि पुढच्या जोडीला मिळून एक असे उंचीचे तीन सेन्सर, आणि कंट्रोल बॉक्समध्ये दोन दिशांचा कल मोजणारा सेन्सर. सपाट जागी फ्रिजच्या तळावर पाणसळ ठेवून, हाताने हवा भरत-सोडत बुडबुडा मधोमध आणला आणि मग "हे शून्य" असं यंत्राला सांगितलं. हे काम पाण्याच्या टाक्या भरलेल्या आणि टायरांत नेहमीची हवा असतानाच करावं.

पहिली रात्र

पहिल्या मुक्कामाला सगळं देखणं झालं. बटण दाबलं, उंच बाजूची हवा फुस्स करून गेली, मग सखल बाजू हळूहळू वर आली, दिवा हिरवा झाला. पहाटे तीनला कॉम्प्रेसर घरघरला. पाचला पुन्हा. सकाळी दिवा हिरवाच होता.

ऑटो लेव्हल चालू ठेवलं की गळती झाकली जाते. यंत्र मुकाट्याने हवा भरत राहतं, सकाळी सगळं छान दिसतं, आणि झीज सगळी कॉम्प्रेसरच्या वाट्याला जाते. म्हणून दुसऱ्या रात्री ऑटो बंद केलं. चारही चाकांवर, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपच्या पट्टीवर लिहून ठेवलं. रात्री ८ वाजता २७ अंश सेल्सिअस. सकाळी ६ वाजता १३ अंश, आणि मापं अशी: मागची डावी बाजू ३० मिमी खाली, मागची उजवी फक्त ३ मिमी, पुढची डावी २० मिमी खाली, आणि पुढची उजवी ५ मिमी वर.

पाहिल्यावर वाटतं, दोन ठिकाणी गळतंय आणि एका ठिकाणी हवा आपोआप आत येतेय. तसं काही नव्हतं. गाडीची पेटी (वरची बॉडी) कडक असते. मागचा डावा बलून बसला की सगळी पेटी डावीकडे कलते, पुढचे जोडलेले बलून आपापसात हवा देऊन-घेऊन तिला कलू देतात, आणि पुढची उजवी कड वर येते. मडगार्डवरचं माप बलूनचं नसतं, कललेल्या पेटीच्या टोकाचं असतं. तेव्हा सेन्सरचे आकडे पाहिले: मागचा डावा २४ मिमी, मागचा उजवा ९, पुढची जोडी ७.

आता यातलं थंडीने किती आणि गळतीने किती? शाळेतला चार्ल्सचा नियम इथे जसाच्या तसा लागतो. बलूनवरचा भार तोच असल्यामुळे आतला दाबही जवळजवळ तोच राहतो, आकसतं ते आकारमान. २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, १३ अंश म्हणजे २८६. घट ४.७ टक्के. २०० मिमी उंचीच्या बलूनला ती ९ मिमी होते. उजव्या बलूनचे ९ मिमी म्हणजे निव्वळ थंडी. डाव्याचे वरचे १५ मिमी मात्र खरी गळती.

यातूनच गेजबद्दलची एक गोष्ट कळते. पूर्ण हवेवर असलेल्या गाडीत दाबाचा काटा पाहून गळती सापडत नाही. बलून निम्मा बसला तरी भार तोच, म्हणून काटा फारसा हलत नाही. गाडी आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकली की मगच तो घसरतो. पाट्यांसोबत मदतीचे बलून असतील तर गोष्ट वेगळी: तिथे हवा कमी झाली की पाटा भार उचलतो आणि काटा खाली येतो. दाबाचं गेज तिथे उपयोगाचं, इथे मोजपट्टी.

दुसरी सोपी खूण म्हणजे दुपार. थंडीने बसलेली गाडी ऊन चढलं की आपोआप वर येते. गळतीने बसलेली येत नाही.

गळतीचा माग: नऊ दिवस

आधी साबणाचं पाणी. भांडी घासायचं लिक्विड एक भाग, पाणी दहा भाग, रंगाच्या ब्रशने प्रत्येक जोडावर. मोठी गळती फसफसते, बारीक गळतीला पाच-दहा मिनिटांनी पांढऱ्या फेसाचा छोटा कोंब फुटतो, तेव्हा घाई करू नका. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका. डाव्या बलूनच्या वरच्या जोडावर, मधल्या जोडावर, ब्लॉकवर, कुठेही काही नाही.

मग अदलाबदल. गाडी घोड्यांवर घेऊन मागच्या बलूनमधली हवा पूर्ण सोडली (दाब असताना पुश-फिट नळी काढायला जाऊ नका, ती हातावर फटकन बसते), व्हॉल्व्ह-ब्लॉकवरच्या मागच्या डाव्या-उजव्या नळ्या एकमेकींच्या जागी लावल्या, ऑटो बंदच ठेवून हवा भरली आणि रात्र जाऊ दिली. सकाळी उजवी बाजू बसलेली होती. दोष नळीबरोबर गेला असता तर डावीच बसली असती. म्हणजे बलून, नळी, वरचा जोड हे तिन्ही निर्दोष, गळती ब्लॉकमध्ये.

ब्लॉकवर तर साबण काहीच दाखवत नव्हता. कारण हवा बाहेर सोडायचा जो व्हॉल्व्ह असतो, त्याची गळती जोडातून निघत नाही, ती हवा सोडायच्या मूळ वाटेनेच जाते. त्या तोंडावरचा छोटा सायलेन्सर काढला, तिथे हातभर नळी लावली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. दर तीन-चार सेकंदांना एक बुडबुडा. एका बुडबुड्यात ०.१५ मिलिलिटर हवा धरली तर दहा तासांत दहा हजार बुडबुडे, दीड लिटर. इकडे १५ मिमी गुणिले १७७ चौरस सेंटीमीटर म्हणजे २६५ मिलिलिटर, आणि ती आत साडेपाच पट दाबलेली हवा (गेजवर ४.५, अधिक वातावरणाचा १ बार), म्हणजे बाहेर आल्यावर साधारण १.४५ लिटर. हिशेब जुळला, म्हणजे दुसरी गळती शोधायची गरज उरली नाही. या एका ग्लासाने पुढचा आठवडा वाचवला.

ब्लॉक उघडल्यावर त्या व्हॉल्व्हच्या बसक्यावर (तो मिटताना जिथे टेकतो त्या जागेवर) टेफ्लॉन टेपचा केसाएवढा पांढरा तंतू सापडला. बसवताना कुणीतरी एका आटेदार जोडावर टेप गुंडाळली होती आणि ती पहिल्या आट्यापासून लावली होती. जोड आवळताना टेपची कड कातरली जाते आणि हवेबरोबर पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये बसते. यातल्या बऱ्याच जोडांच्या आट्यांवर सीलंट कारखान्यातच लावलेलं असतं, तिथे टेप लागतच नाही. लागलीच तर पुढचे दोन आटे मोकळे सोडा. बसका पुसला, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलं, ब्लॉक बंद केला, नळ्या आपापल्या जागी गेल्या. गॅरेजने तो जोड बदलून दिला, वेळ तेवढा आमचा गेला.

त्या रात्रीचे आकडे: मागचा डावा ९, उजवा ९, पुढची जोडी ७. दुपारी एक-दोन मिमीच्या फरकाने सगळे परत जागेवर.

आता मुक्कामाला काय करतो

जागेवर आल्यावर आधी खाली वाकून पाहतो. हवा सोडली की गाडी हातभर नाही तरी ५० मिमी खाली येते, आणि पायरी, सांडपाण्याचा नळ किंवा एखादा दगड मध्ये आला की तिथेच मोडतो. मुलं, कुत्री गाडीपासून दूर. हँडब्रेक, चाकांना ठोकळे. कल लांबीच्या दिशेला दीड अंशापेक्षा जास्त असेल तर सखल बाजूच्या चाकांखाली आधी फळ्या, उरलेलं काम हवेला. फळ्यांशिवाय सगळं हवेवर भागवायला गेलं की बलून शेवटपर्यंत ताणले जातात, रात्री आकसले की वर जायला वाव उरत नाही.

आधी लांबीची दिशा, मग आडवी. प्रत्येक वेळी आधी उंच बाजू खाली, मग गरज उरली तरच सखल बाजू वर. खाली आणायला कॉम्प्रेसर लागत नाही, आणि गाडी जितकी बुटकी तितकी कमी डुलते. मग दहा मिनिटं थांबायचं. रबरी बुश आणि शॉकअप सावकाश स्थिरावतात, तेवढ्यात पाव-अर्धा अंश इकडेतिकडे होतो. पुन्हा पाणसळ पाहून ऑटो बंद. ऑटो चालूच ठेवायचं असेल तर अर्ध्या अंशाच्या आतल्या फरकाकडे त्याने लक्ष देऊ नये असं लावून ठेवा, नाहीतर कुणी कुशीवर वळलं तरी ते जागं होतं.

बलून ही स्प्रिंगच आहे, त्यामुळे कुणी चाललं की गाडी हलते. हायड्रॉलिक जॅकवर उभी गाडी याहून घट्ट उभी राहते, हे मान्य करावं. बदल्यात चारही चाकं जमिनीवर राहतात आणि हँडब्रेक खऱ्या अर्थाने लागलेला असतो. मागची चाकं जॅकवर अधांतरी उचलली तर तो आधार जातो. कोपऱ्यांचे टेकू लावायचे असतील तर लेव्हल झाल्यावर, फक्त जमिनीला टेकतील इतपत. घट्ट लावले आणि पहाटे बलून ९ मिमी आकसले, तर सगळा भार टेकूंवर येतो. ते पाय पेटी स्थिर ठेवायला असतात, तोलायला नव्हे. छताच्या कनातीचे खांब जमिनीत ठोकलेले असतील तर दोरी थोडी सैल, विजेच्या केबलला आणि पाण्याच्या पाइपला एखाद्या वेढ्याची ढील.

निघताना आधी "चालवण्याची उंची" हे बटण, मग तिन्ही सेन्सर आपल्या आकड्याच्या ५ मिमीच्या आत आले का ते पाहायचं, मगच गिअर. वर ताणलेल्या बलूनवर गाडी हलवली तर शॉकअप आणि पुढच्या चाकांचे जोड भलत्या कोनात चालतात. खाली बसलेल्या अवस्थेत हलवली तर प्रत्येक खड्डा रबरी ठोकळ्यावर बसतो. कॉम्प्रेसर बंद पडला तर अडून राहायला नको म्हणून हवेच्या प्रत्येक वाटेला टायरसारखा हवा भरायचा व्हॉल्व्ह आधीच लावून घेतला होता. टायरच्या पंपाने गाडी चालवण्याच्या उंचीला येते, वेळ लागतो एवढंच. मदतीचे बलून असतील तर चालवताना ते कधीच पूर्ण रिकामे ठेवू नका. अर्धा बार तरी असू द्या, नाहीतर रबराची घडी बलूनचा खालचा दट्ट्या आणि वरची ताटली यांच्यामध्ये चिमटते आणि कापली जाते.

उरलं पाणी. दाबलेल्या हवेतला दमटपणा हवेच्या टाकीच्या तळाशी जमतो. पावसाळी हवेत आठवड्यातून एकदा टाकीचा खालचा स्क्रू सैल करतो, एरवी महिन्यातून. कडाक्याची थंडी पडायच्या आधी हे टाळू नये, ब्लॉकमध्ये पाणी गोठलं तर व्हॉल्व्ह ना उघडत ना मिटत. टाकीतून दोन-चार चमचे पाणी निघायला लागलं की ड्रायरमधले (हवेतला ओलावा शोषणारे) दाणे बदलायची वेळ झाली असं समजायचं, आणि ते बदलल्यावर ग्लासाची परीक्षा परत एकदा घ्यायची, कारण जुन्या दाण्यांची पूडही टेपच्या तंतूसारखीच व्हॉल्व्हच्या बसक्यावर जाऊन बसते.